पांझरेच्या काठावर पहिलं वर्ष: नदीच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी धुळ्यातून वाहणाऱ्या पांझरेच्या पात्रात उतरलं की पाय कशावर पडेल सांगता येत नाही. हाराची तार, मूर्तीचा तुटका हात, थर्माकोलच्या मखराचा तुकडा. त्या दिवसाचे फोटो मोबाइलवर फिरतात आणि पुढचा आठवडाभर नदी साफ करणाऱ्या आमच्या गटातल्या प्रत्येकाला फोन येत राहतात: ‘मलाही यायचंय, रविवारी कुठे जमायचं?’ येणारे मनापासून येतात. पण तिसऱ्या-चौथ्या रविवारी त्यांतले निम्मेही दिसत नाहीत, कारण मागच्या रविवारी साफ केलेली जागा पुन्हा तशीच झालेली असते. हे लेखन त्यांच्यासाठी आहे. धुळ्यातले असाल तर थेट उपयोगी पडेल. अमळनेरला बोरीकाठी, भडगावला गिरणाकाठी किंवा प्रकाशाला तापीकाठी राहत असाल तर थोडा फेरफार करून घ्या.

एक गोष्ट आधी मनात पक्की करा. नदीचं काम दरवर्षी करायचं असतं, ते एकदा करून संपत नाही. आपल्या भागाला हे नवीन नाही. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर तीनशे वर्षांहून जुनी फड पद्धत आहे. बंधाऱ्यातून पाट, पाटाखाली फड म्हणजे शेतांचे गट, प्रत्येक फडात एकच पीक. पाणी सोडायला पाटकरी, पीक राखायला जागल्या. पाटात गाळ आणि गवत साठतंच. ते काढायचं काम पाण्याचे वाटेकरी दरवर्षी मिळून करत. गेल्या वर्षी काढलेला गाळ यंदा पुन्हा आला म्हणून कुणी हातपाय गाळून बसत नसे. आम्ही जे करतो ते त्याच जातीचं काम आहे, एवढंच की पाटाच्या जागी गावातून जाणारं नदीचं पात्र आहे.

पहिला महिना: हात न लावता चालणं

फावडं घेऊन येऊ नका. वही, पेन्सिल आणि मोबाइल घेऊन या. पुलापासून पुलापर्यंत, दोन्ही काठांनी, आठवड्यातून दोनदा चाला; एकदा सकाळी आणि एकदा संध्याकाळी. सकाळी साडेसहा-सात वाजता घरोघरची मोरी चालू असते तेव्हा नाल्याला किती पाणी येतं आणि दुपारी तोच नाला कसा दिसतो, यातला फरक पाहिल्याशिवाय कळत नाही.

वहीत लिहायचं ते असं: कोणता नाला कुठे मिळतो, पाण्याचा रंग काय, वास कसला, फेस आहे का, कचरा कुठून खाली ढकलला जातो. काळं आणि कुजक्या वासाचं पाणी म्हणजे त्यातला प्राणवायू संपला आहे. पांढरा टिकणारा फेस बहुतेक वेळा साबणाचा असतो. पाण्यातला प्राणवायू मोजायचा छोटा संच बाजारात मिळतो, शाळेतल्या पोरांनाही वापरता येतो. आंघोळीयोग्य नदीच्या पाण्यात लिटरला किमान ५ मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू असावा आणि बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवायला जंतूंना लागणारा प्राणवायू, ३ मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, हा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. बीओडी घरी मोजता येत नाही, त्याला प्रयोगशाळा लागते. विज्ञान महाविद्यालयातल्या प्राध्यापकांना विचारा, आनंदाने मदत करणारे भेटतात.

एखाद्या सुट्टीत नदीच्या वर आणि खालीही जाऊन या. पांझरा पिंपळनेरच्या वरच्या सह्याद्रीत उगवते. लाटीपाड्याचं धरण, मग साक्रीकडून येणारी कान नदी, मग अक्कलपाड्याचं धरण, मग धुळे, आणि पुढे उत्तरेला वळून शिंदखेडा तालुक्यात मुडावदला ती तापीला मिळते. मुडावदचा संगम पाहून आलेला माणूस नदीबद्दल वेगळं बोलतो, हा माझा अनुभव. आपल्या पुलाखालची पिशवी कुठे जाते ते त्याने डोळ्यांनी पाहिलेलं असतं. तिथून तापीबरोबर सुरतेपर्यंत आणि समुद्रापर्यंत.

माणसं

नदीवर तुमच्याआधी माणसं आहेत. मासे धरणारे भोई, कपडे धुणारे, म्हशी घेऊन येणारे, उन्हाळ्यात वाळूत डांगर-टरबुजाची वाडी लावणारे, दशक्रियेला बसणारे गुरुजी, वीटभट्टीवाले. नव्या माणसाची पहिली चूक म्हणजे यांना ‘घाण करणारे’ समजून समजवायला जाणं. आधी बसा. ‘नाना, आप्पा’ म्हणून हाक मारा, चहा घ्या, आणि पूर्वी नदी कशी होती ते विचारा. कुठे बारमाही झरा होता, कोणता मासा मिळायचा, कोणत्या साली पाणी कुठवर आलं होतं. हे सगळं वहीत उतरवा.

मी पहिल्यांदा पात्रात उतरलो तेव्हा वयस्कर भोई आप्पा काठावरून ओरडले होते: ‘भाऊ, तठे पाय नका ठेवू, डोह शे!’ वरून गवत होतं, खाली पुरुषभर पाणी. त्या दिवसापासून कुठल्याही नव्या जागी उतरायचं तर आधी त्यांना विचारतो.

ही माहिती वाया जात नाही. जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायत, नगरपालिका आणि महापालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. तुमच्या गावची वही मागून पाहा. मासे, काठची झाडं, औषधी वनस्पती यांच्या रकान्यात भोई आणि गुराख्यांकडून ऐकलेलं भरता येतं. आजोबांच्या आठवणीला सरकारी कागदावर जागा मिळाली की त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होतो, आणि ते घर कायमचं आपल्या बाजूचं होतं.

पहिली सफाई

आपल्याकडे फेब्रुवारीपासून मेअखेरपर्यंत पात्रात काम करता येतं. ऊन ४३-४४ अंशांवर जातं, म्हणून सहाला सुरू आणि नऊला बंद, कितीही उत्साह असला तरी. पावसाळ्यात प्रवाहात उतरायचं नाही. अक्कलपाड्यातून पाणी सोडलं तर कोरड्या दिसणाऱ्या पात्रातही ते येतं. पाणी सोडण्याची सूचना पाटबंधारे खात्याकडून निघते. ती पाहून सगळ्यांना कळवण्याचं काम गटातल्या एका माणसाकडे द्या, आणि त्याचा निरोप आल्याशिवाय कुणी खाली उतरू नये.

सामान: गमबूट, जाड रबरी हातमोजे, दाताळं, फावडं, घमेली, विळा, रिकामी पोती, लटकवायचा वजनकाटा. हाताने गाळात चाचपू नका. बांगड्यांच्या काचा, फ्रेमचे खिळे, इंजेक्शनच्या सुया असतात. सुई दिसली की चिमट्याने उचलून झाकणाच्या जाड बरणीत, वेगळी. धनुर्वाताचं इंजेक्शन आधी घेऊन ठेवा. पायाला जखम असेल तर त्या दिवशी काठावर वजन लिहायचं काम घ्या, सांडपाण्यात उतरू नका. लेप्टोस्पायरोसिससारख्या आजाराचे जंतू जखमेतून सहज शिरतात.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. कचरा काढण्याआधी तो न्यायला गाडी ठरलेली हवी. महापालिकेच्या स्वच्छता निरीक्षकाशी चार दिवस आधी बोलून घंटागाडी किंवा ट्रॅक्टर कोणत्या वाजता, कोणत्या काठावर येणार हे पक्कं करा. पहिल्या वर्षी आम्ही शंभरेक पोती भरून काठावर रचली, फोटो काढले आणि घरी गेलो. गाडी कुणी सांगितलीच नव्हती. काही पोती गायींनी फाडली, उरलेली पहिल्या पुराने नेली. तीन रविवारांचं काम पाण्यात परत गेलं.

वर्गवारी काठावरच करा. बाटल्या, पत्रा, जाड प्लास्टिक भंगारवाला घेतो, आणि तो नऊच्या आत यायला तयार असतो. कापड वेगळं. मृतांचे कपडे, अंथरूण सोडलेलं असतं, त्याची चेष्टा कुणी करू नये. कुणाचं तरी माणूस गेलेलं असतं. देवांच्या तसबिरींचंही तसंच. काच, लाकूड आणि कागद वेगळे करायचे, पण तसबीर उलटी टाकून पायाखाली घ्यायची नाही. पाहणाऱ्या लोकांचा विश्वास एवढ्याने टिकतो किंवा जातो.

दर वेळी वजन करा आणि वहीत लिहा: प्लास्टिक किती किलो, कापड किती, निर्माल्य किती. पुढे अर्ज करताना, शाळेत बोलताना हेच आकडे कामाला येतात.

काय काढायचं नाही

नव्या माणसाला हिरवं गवत म्हणजे घाण वाटते. लव्हाळा, पाणकणीस, वाळुंजाची झुडपं, गोटे, वाळूचे उंचवटे, शिंपले हे सगळं नदीचं आहे. लव्हाळ्याची मुळं काठ धरून ठेवतात. मार्च ते मे महिन्यांत टिटवी आणि कंठेरी चिखल्या उघड्या गोट्यांत अंडी घालतात, आणि ती गोट्यांसारखीच दिसतात. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडायला लागली की तिथून मागे फिरा.

आम्ही हे चुकून शिकलो. एका दानशूर गृहस्थांनी दोन दिवस पोकलेन दिलं. आम्हीच उभं राहून पात्र ‘स्वच्छ’ करून घेतलं, लव्हाळ्यासकट सगळं खरवडलं. दिसायला मैदानासारखं झालं, लोकांनी कौतुकही केलं. पुढच्या पावसाळ्यात त्याच जागचा काठ ढासळला आणि वर लावलेली झाडं गेली. यंत्र फुकट मिळतंय म्हणून नदीत उतरवू नका. शिरपूर पॅटर्नचा दाखला लगेच दिला जातो. भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी शिरपूर तालुक्यात नाले रुंद-खोल करून, बंधारे घालून भूजल वाढवलं, ते काम खरं आहे. पण ते नाल्यांवर, जमिनीचे थर पाहून झालेलं काम. गावातून जाणाऱ्या मोठ्या नदीचं पात्र तसंच उकरायचं, हे मला पटत नाही, आणि जाणकार सोबत असल्याशिवाय कुणी करू नये.

वेडी बाभूळ आणि जलपर्णी मात्र काढायची. वेडी बाभूळ एकदम नाही, तिच्या जागी दुसरं काही धरेल तेवढीच. जलपर्णी काढून काठावरच ठेवली तर पाण्याबरोबर परत जाते, तिला दूर नेऊन वाळवा. प्रकाशा, सारंगखेड्याला बॅरेजमुळे तापीचं पाणी तुंबून खोल उभं असतं. तिथे आमच्यासारखं पात्रात उतरायचंच नाही. घाटावर काम करा, आणि पाण्यातलं काम भोई बांधवांच्या होडीतूनच.

निर्माल्य आणि सण

आमच्या वहीत कापड आणि प्लास्टिकनंतर तिसरा नंबर निर्माल्याचा असतो. हे काम मला सगळ्यात आवडतं, कारण इथे फळ लवकर दिसतं.

खान्देशचं वर्ष नदीशी बांधलेलं आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गौराई, श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते आणि सोमवारी वाजत-गाजत नदीवर जाते, भाद्रपदात गणपती, भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत गुलाबाई, मग नवरात्र. शिवाय रोजची दशक्रिया. हे तारखांसकट कागदावर लिहून काढा आणि प्रत्येक सणाच्या पंधरा दिवस आधी काम सुरू करा. सणाच्या दिवशी घाटावर उभं राहून लोकांना अडवणं सगळ्यात निरुपयोगी.

‘नदीत सोडू नका’ असं आम्ही आता म्हणत नाही. म्हणतो, ‘मावशी, आरती नदीवरच करू, मूर्तीला नदीचं पाणी लावू, आणि विसर्जन या कुंडात करू.’ नदीवर यायचं त्यांचं कारण खरं आहे, त्याला धक्का न लावता शेवटची दोन पावलं फक्त वळवायची. हे बोलायला बायकांचा गट हवा. गुलाबाईच्या गाण्यांना संध्याकाळी गल्लीत पोरी जमतात, तिथे एखाद्या आजीने ‘यंदा गुलाबाई मातीचीच आणा, रंगही साधाच’ म्हटलं की आमच्या दहा भाषणांचं काम होतं. मूर्ती करणाऱ्या कुंभारदादांकडे मात्र चैत्रातच जा; माती आणि साच्यांचा खर्च त्यांनी केल्यावर सांगून उपयोग नसतो. तुमच्या गल्लीतून किती मातीच्या मूर्ती नक्की घेतल्या जातील, तो आकडा आणि थोडी आगाऊ रक्कम घेऊन जा.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनाही नैसर्गिक माती, नैसर्गिक रंग आणि वेगळे कुंड हेच सांगतात. प्लास्टर ऑफ पॅरिसची लहान मूर्ती घरी आलीच असेल तर अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात ती हळूहळू विरघळते. अमोनियाचा उग्र वास येतो, म्हणून बादली अंगणात किंवा गच्चीवर ठेवा, मुलांपासून दूर. उरलेलं पाणी भरपूर साधं पाणी घालून झाडांना चालतं.

निर्माल्याचं खत असं करतो. आलेल्या ढिगातून दोरा, तार, प्लास्टिक, नारळ, कापूर-अगरबत्तीची पाकिटं वेगळी काढायची. विटांच्या टाकीत, विटांमध्ये हवेला फटी ठेवून, तळाला वीतभर वाळका पाला. त्यावर फुलांचा थर, त्यावर पुन्हा पाला, आणि शेणकाल्याचा शिडकावा. आठवड्यातून एकदा वर-खाली करायचं. मूठ दाबून पाहायची: हात ओला व्हावा पण पाणी टपकू नये. टपकलं तर पाला वाढवा, कोरडं वाटलं तर पाणी शिंपडा. उन्हाळ्यात दोन महिन्यांत काळं, मातीच्या वासाचं खत होतं, थंडीत जास्त वेळ घेतं. पहिलं खत देवळात प्रसादासारखं वाटा. ज्यांच्या फुलांचं ते झालं, त्यांच्याच तुळशीला घालू द्या.

सांडपाणी

हे सगळ्यात अवघड आहे आणि पोती भरून सुटत नाही. दोन टोकांनी धरावं लागतं.

एक टोक घराचं. अंगण असलेल्या घरात मोरीच्या आणि स्वयंपाकघरातल्या पाण्यासाठी शोषखड्डा करता येतो. साधारण ४ फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा, खाली मोठे दगड, वर लहान, मध्ये केस आणि खरकटं अडवणारं मडकं किंवा छोटी टाकी. काळ्या चोपण जमिनीत पाणी जिरत नाही, मुरूम लागेपर्यंत खाली जावं लागतं. संडासाचं पाणी यात सोडायचं नाही, आणि विहीर-बोअरपासून लांब ठेवायचा. प्लास्टिकचं टोकही घरातच आहे: महाराष्ट्रात २०१८ पासून पिशव्यांवर बंदी आहे, तरी नाल्याच्या जाळीत त्याच अडकतात. कापडी पिशवी शिवणाऱ्या ताईंना भाजीबाजारात जागा मिळवून देणं, हे आम्ही केलेलं त्यातल्या त्यात उपयोगी काम.

दुसरं टोक अर्जाचं. एका अर्जात एकच नाला, एकच मागणी. ‘नदी स्वच्छ करा’ या अर्जाला उत्तर देता येत नाही. ‘अमुक पुलाजवळच्या नाल्याच्या तोंडावर जाळी बसवा, ती दर आठवड्याला कोण साफ करणार ते कळवा’ याला देता येतं. तारखेचे तीन फोटो, वहीतले आकडे, वीस सह्या. पोच घ्या. महिनाभर काही हललं नाही तर माहितीच्या अधिकारात, १० रुपयांच्या शुल्कात, अर्जावर काय कारवाई झाली ते विचारा; ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. भांडण्याचा सूर नको. त्या टेबलावरचा माणूसही याच गावचं पाणी पितो. राज्य सरकारच्या ‘माझी वसुंधरा’ अभियानात २०२० पासून गावांना आणि शहरांना पंचतत्त्वांवर गुण मिळतात, त्यांतलं एक जल आहे. अर्जात त्याचा उल्लेख केला की कागद थोडा लवकर सरकतो.

वाळू

रात्री पात्रातून वाळू चोरून नेणारे ट्रॅक्टर दिसले तर एकट्याने आडवे जाऊ नका, व्हिडिओ काढायला जवळही जाऊ नका. दुसऱ्या दिवशी खड्ड्याची जागा लिहून तलाठी किंवा तहसीलदारांकडे गटाच्या नावाने लेखी द्या. नवीन माणसाने एवढंच करावं.

झाडं

जुलैमध्ये, दोन चांगले पाऊस झाल्यावर, पूररेषेच्या वर. उंबर, करंज, जांभूळ, अर्जुन. पाण्याच्या जवळ वाळुंज आणि वाळा. धुळ्याकडे पाऊस मुळात कमी, त्यामुळे शंभर रोपं लावून फोटो काढण्यापेक्षा वीस लावा आणि तीन उन्हाळे पाणी घाला. बुंध्याशी पऱ्हाटीचे तुकडे किंवा केळीची वाळकी पानं अंथरली तर ओल टिकते. शेळ्यांसाठी काटेरी फांद्यांचं कुंपण.

राखण कोण करणार हे लावण्याआधी ठरवा. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याला जाऊन या. चैत्राम पवार, ज्यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांच्या गावाने चारशेहून अधिक हेक्टर जंगल राखलं. तिथे झाडं लावण्याइतकंच महत्त्व गावाने स्वतः केलेल्या नियमांना आहे: तोडायचं नाही, पाळी लावून राखायचं, मोडलं तर दंड. दरवर्षी तिथे वनभाजी स्पर्धा असते, त्या दिवसांत गेलात तर उत्तमच.

पहिला पूर

वर्षाचं शेवटचं काम पुलावर उभं राहून करायचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पांझरेचं पाणी ज्यांनी पाहिलं ते काठावर जाणार नाहीत. तुम्हीही जाऊ नका. पोलिसांनी पूल बंद केला असेल तर गच्चीवरून पाहा. पहिला मोठा लोंढा आला की तासभर वही उघडून बसा आणि वाहून काय चाललंय ते लिहा. बाटल्या जास्त की पिशव्या, तुमची पोती आहेत का, कोणत्या नाल्यापासून कचऱ्याचा पट्टा सुरू होतो. मागच्या वर्षीचं पान शेजारी उघडं ठेवा. आमच्या गेल्या पावसाळ्याच्या पानावर निर्माल्याच्या पिशव्या मोजता आल्या इतक्या कमी होत्या, आणि एका नाल्यासमोर तांबड्या पेन्सिलने दोनदा गोल केला होता. यंदाच्या फेब्रुवारीत आम्ही तिथूनच सुरू केलं.